कुलूप डायलला होतं, लाइनला नव्हतं

इंजिनिअरिंग कॉलेजातल्या भाषणांत स्टीव्ह जॉब्ज हमखास येतो. त्यानं आणि वॉझ्नियॅकनं अ‍ॅपलच्या आधी 'ब्लू बॉक्स', म्हणजे लांबचे कॉल फुकटात लावायचं घरगुती यंत्र, बनवून विकलं, हेही वक्ते कौतुकानं सांगतात. हेच पहूरच्या पोरानं केलं असतं, तर त्याला 'नसते उद्योग' म्हटलं असतं.

तसे उद्योग आपल्याकडेही झालेत. गोल डायलच्या फोनला लोक छोटं कुलूप लावत, बिल वाढू नये म्हणून. पण डायल करते काय? परत फिरताना लाइनमधला प्रवाह आकड्याइतक्या वेळा तोडते, सेकंदाला साधारण १० वेळा. शून्याला १० ठोके. रिसीव्हर ठेवायची खुंटी दाबली तरी प्रवाह तुटतोच. म्हणून खुंटी टकटकवली की कुलूपबंद फोनवरूनही नंबर लागायचा.

अमेरिकेतला जन्मांध जो एंग्रेशिया पाचव्या वर्षी हेच शिकला. सातव्या वर्षी त्याला शिट्टीचा शोध लागला. २६०० हर्ट्झचा सूर ऐकला की तिथल्या एक्स्चेंजला वाटे, लांबची लाइन मोकळी झाली. कारण माणसाचं बोलणं आणि यंत्राचे हुकूम एकाच लाइनवरून जात. ब्लू बॉक्स हाच सूर काढायचा आणि पुढे एक्स्चेंजच्याच भाषेत नंबर लावायचा.

फुकट कॉल ही चोरीच होती. कुलूपवाल्या फोनचं बिल मालकच भरायचा, आणि जॉन ड्रेपरला अशाच उद्योगापायी तुरुंगात जावं लागलं. माझं भांडण वेगळं आहे. 'इन-बँड सिग्नलिंग' या नावानं हीच गोष्ट आम्हाला व्याख्या म्हणून पाठ करायला लावली. शिट्टी नाही, खुंटी नाही. आज एसक्यूएल इंजेक्शनमध्ये तीच चूक आहे: माहिती आणि हुकूम एकाच वाटेनं. एआयला ईमेलमधली एखादी ओळ मालकाचा हुकूम वाटते, तिथेही तीच. व्याख्या पाठ असलेल्याला ती दिसत नाही.

आणि मोबाइल उघडून बोर्डावरचा बिघाड शोधणाऱ्या गावातल्या पोराला आपण डिग्रीवाले 'जुगाडू' म्हणतो. उघडून बघणारा तो, पाठ करणारे आपण. इंजिनिअर मात्र आपण!

कॉलेजांनो, जॉब्जवरचं एक भाषण कमी करा. भंगारातून डायलचा फोन आणा, लॅबमधल्या छोट्या एक्स्चेंजला जोडा, डायलला कुलूप लावा. प्रॅक्टिकलला एकच प्रश्न ठेवा: नंबर लावून दाखव, आणि का लागला ते सांग.