वीस फुटांवरची कुजबूज

दिवाळीच्या अंकात बहिरेपणाचे रडगाणे कशाला, असे कुणी म्हणेल. पण सुतळी बाँबला आपण चार दिवस हौसेने कान देतो, आणि त्याहून कितीतरी मोठे बार ज्यांनी वर्षानुवर्षे नोकरी म्हणून सोसले त्यांच्या कानांची सरकारदरबारी काय किंमत होते, हे फराळ करता करताही वाचता येईल.

सैन्यात भरती होणाऱ्या पोराचे कान कसे तपासतात, ठाऊक आहे? त्याला पाठमोरा उभा करतात आणि ६१० सेंटिमीटरवरून, म्हणजे वीस फुटांवरून, डॉक्टर कुजबुजतो. एकेका कानाने ती ऐकू आली की कान पास! कुणाची कुजबूज, केवढी, हे विचारू नये. माझी तक्रार तिथे नाहीच. सरकारने एकदा 'कान उत्तम' असा शेरा मारला ना? मग पुढेही तो पाळावा, एवढेच माझे म्हणणे.

होते उलटेच. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या निवृत्त जवानांचे अर्ज मी बरीच वर्षे लिहून देतो आहे. आमच्या आळीतले एक हवालदार तोफखान्यातले. देवळालीला शिकले आणि पुढे १७ वर्षे तोफेशेजारी उभे राहिले. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने त्यांच्या कानांतला दोष मान्य केला आणि खाली लिहिले: सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. मग झाला कशाने? गावच्या भजनातल्या टाळांनी?

कानाशी उडालेला रायफलीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो; तोफेची गोष्टच सोडा. रोजचे आठ तास ८५ डेसिबलमध्ये काढणेही कानाला धोक्याचे, असे तज्ज्ञ सांगतात. आतल्या कानातल्या केसासारख्या नाजूक पेशी अशा आवाजाने मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला घाला पडतो तो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच सुरांवर. म्हणून तपासणीच्या आलेखात तिथे खड्डा दिसतो. स, श, फ ही अक्षरे याच उंच पट्टीत राहतात. तेव्हा बोलण्याचा आवाज येतो, शब्द मात्र हाती लागत नाही. त्यातून घरची माणसे म्हणतात, "यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते!" हवालदार हसतात. हल्ली ते लग्नाच्या पंगतीला जात नाहीत.

आणि मंडळाला संशय सोंगाचा. सूर ऐकू आला की बटण दाबायचे, ही परीक्षा माणसाच्या सांगण्यावर चालते हे खरे. पण डोक्याला तारा लावून, कानात आवाज सोडून, मेंदूकडे जाणारा संदेश टिपणारी 'बेरा' नावाची तपासणी आहे. तिथे सोंग चालत नाही. संशय असेल तर ती करा!

कायदाही जवानाच्या बाजूचा होता. भरतीच्या वेळी दोष नोंदला नसेल तर जवान धडधाकट होता असे धरावे, असे १९८२ चे नियम सांगत. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात (तो फेफऱ्याचा होता) याच नियमांवर बोट ठेवले आणि पुराव्याचे ओझे जवानावर नाही असा निर्वाळा दिला. २०२३ साली नियम नव्याने लिहिले गेले. खेड्यातल्या हवालदाराने हे सारे कुठे वाचावे? त्यात १९६१ च्या पेन्शन नियमावलीतली २० टक्क्यांची रेघ: १९ टक्के बहिरा तो पेन्शनपुरता बहिराच नव्हे!

तोफखान्यातल्या प्रत्येक जवानाच्या कानांचा आलेख भरतीच्या दिवशी काढावा, पुढे दरवर्षी काढावा आणि त्याची प्रत त्याच्याच हाती द्यावी. अपिलाला जोडायला आमच्या हवालदारांपाशी असा एकही कागद नाही. आहे तो कुजबूज ऐकू आल्याचा भरतीचा शेरा, आणि तोही सरकारच्याच कपाटात.