वही बघा, पेन मात्र आमच्याकडे

सोसायटीच्या वार्षिक सभेत एखादे सभासद हटकून उभे राहतात आणि म्हणतात, "हिशेबाची वही बघायची आहे." बघू द्यायला कोणाची ना नसते, पण बघता बघता पेन चालले तर? म्हणून वही टेबलावर आणि पेन चिटणीसांच्या खिशात, ही रीत आपण बिनबोभाट पाळत आलो आहो. गंमत अशी, की संगणकाच्या दुनियेतल्या एका नामांकित साधनाला एवढी साधी सोय करायला दहा वर्षे लागली.

ते साधन म्हणजे जँगो. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तिथल्या दैनिकाच्या कचेरीत २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी, वेबसाइटी झटपट उभ्या करता याव्यात म्हणून ते रचायला घेतले. २००५ च्या जुलैत ते सर्वांना फुकट खुले झाले. नाव दिले जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. प्रोग्रामर मंडळी अगदीच अरसिक नसतात, वाचकहो!

जँगोबरोबर एक माजघर आयतेच मिळते. त्याला अ‍ॅडमिन म्हणतात. लोकांना दिसते ती ओसरी, नोंदी ठेवायच्या त्या आत. तिथे परवानग्या तीन होत्या : नोंद घालणे, बदलणे आणि काढून टाकणे. नुसती पाहण्याची परवानगीच नव्हती! वर्तमानपत्राच्या कचेरीत आत येणारा लिहायलाच येतो. नुसता बघणारा कोणाच्या ध्यानात आला नसावा.

पण समजा, एखाद्या शाळेत फोन घेणाऱ्या बाईंना अमक्या मुलाची फी भरली की नाही, एवढेच बघायचे आहे. त्यासाठी त्यांना बदलण्याचीच परवानगी द्यावी लागे. म्हणजे सगळे रकाने उघडे आणि खाली 'जतन करा'चे बटण. घाईत नऊचे सहा झाले, तर त्यात बाईंचा दोष काय? याविषयीची मागणी २००८ सालीच नोंदवली गेली होती. २०१० मध्ये ठराविक रकान्यांना कुलूप घालण्याची सोय आली खरी, पण माणूस बघून कुलूप बदलायचे तर आणखी कोड लिहा, आणि आत शिरायला बदलण्याची परवानगी लागायची ती लागायचीच. अखेर ऑगस्ट २०१८ मध्ये, २.१ या आवृत्तीत, पाहण्याची चौथी परवानगी आली. आता बाईंना नोंद साध्या मजकुरासारखी दिसते आणि खाली जतनाचे बटणच नसते.

झाले, मिटले? छे! पासवर्ड कोणी जसाच्या तसा साठवत नाही. त्याची कुटून पूड केलेली असते. बदलण्याची परवानगी असलेल्यांना या पुडीतली चिमूटभरच दिसे, बाकी झाकलेली. नुसते बघणाऱ्यांना मात्र ती अख्खी दिसत होती! अशी पूड हाती लागली, की दुबळे पासवर्ड अंदाजाने हुडकता येतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये २.१.२ आवृत्ती काढून हे भोक बुजवले. पेन काढून घेतले म्हणजे बघणारा निरुपद्रवी झाला, ही समजूत किती भाबडी असते!

मला तर याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. या माजघरात कोणी काय घातले, बदलले, काढले, हे आपोआप लिहून राहते. कोणी काय पाहिले, ते लिहून राहत नाही. दवाखान्याच्या वहीत शेजारच्या मुलीचा आजार वाचणाऱ्याने एक अक्षरही बदललेले नसते. तरी संध्याकाळपर्यंत ती बातमी जिन्यात पोचते.

शिवाय ही परवानगी मुळात तक्त्यागणिक असते, नोंदीगणिक नाही. एक मुलगा पाहू दिला की सगळी शाळा पाहू दिली. अमक्याला अमक्याच नोंदी दाखवायच्या, अमुक रकाना झाकायचा, पाहणाऱ्याचे नाव टिपून ठेवायचे, हे सारे करता येते; पण ते प्रोग्रामरला मुद्दाम लिहावे लागते. आपल्या संस्थेत असे माजघर असेल, तर पुढच्या सभेत वहीबरोबर हेही विचारा. चिटणीसांच्या कपाळाला आणखी एक आठी पडेल, पडू द्या.