काळोख्या पाण्यातली वाट

'डाँकी काँग कंट्री २' हा सुपर निन्टेंडोवरचा १९९५ चा खेळ. त्यातल्या दलदलीच्या मुलखात एक बुडालेले जहाज आहे. आत मिट्ट काळोख, सोबतीला दिव्याचा मासा ग्लिमर. आपण तोंड वळवू तिकडेच त्याचा उजेड पडतो.

बटण दाबले की डिडी वर येतो, सोडले की खाली बसतो. इथे दम संपत नाही, घड्याळही मागे नाही. तरी मुले बटण बडवत सुटतात नि काळोखातल्या माशांवर आदळतात. उजेडात मासा दिसू द्यावा, त्याची ये-जा हेरावी, मगच निसटावे.

पोर चिडले तर खेळ हिसकावू नका. शेजारी बसून 'सावकाश' म्हणा. हा शब्द मराठीत आहे, आपल्याकडच्या कन्नडमध्येही. दोन्ही आज्यांचे त्यावर एकमत होईल!