गहाण पडलेल्या पाटल्या

2020 च्या मार्चात टाळेबंदी झाली आणि पुण्यास नोकरीस असलेली मुले आमच्या जळकोटास परतली; ऑक्टोबरात अतिवृष्टीने सोयाबीनही नेले. ऑगस्टातच रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या शेकडा 75 ऐवजी 90 पर्यंत कर्ज देण्याची मुभा बँकांस दिली होती. सूनबाईंच्या पाटल्या तेव्हाच गेल्या. 31 मार्च 2021 रोजी ती सवलत संपली, देणे राहिले. पुढे पगार सुरू झाले, तरी आधी वाण्याची उधारी, मग मुलांची फी. पाटल्यांची पाळी शेवटची! आमच्या घरीही हेच घडले, हे कबूल केले पाहिजे. सूनबाई मागत नाहीत, म्हणून स्त्रीधनाचे ऋण फिटत नाही. कर्त्या पुरुषांनी ते जमाखर्चाच्या वहीत त्यांच्या नावे मांडावे, आणि व्याजाची तारीख त्यांस सांगावी.