विहिरीला कॅलेंडर कळत नाही

"दर सहा महिन्यांनी सगळं तपासायचं, दर दोन वर्षांनी सगळं बदलायचं." ऐकायला किती शिस्तीचं वाटतं, नाही? मला मात्र यातल्या 'सगळं' या शब्दाचीच भीती वाटते. तेलाच्या विहिरींच्या बाबतीत तर जास्तच.

म्हणजे कसं, बघा. विहिरीत खोलवर बसवलेला विजेचा पंप बंद पडला की लगेच कळतं, तेल यायचं थांबतं. पण तिथेच एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वर काही भलतंसलतं झालं तर विहीर आपोआप बंद करणं, एवढंच त्याचं काम. तो बिघडला तर? काहीही होत नाही! तेल मजेत येत राहतं. बिघाड कळतो तो ज्या दिवशी त्याची गरज पडते त्या दिवशी. आता या दोघांना एकच वेळापत्रक लावणं शहाणपणाचं आहे का?

आधी पंप घेऊ. समजा दहा पंप आहेत. चार बंद पडले, सरासरी ३०० दिवसांनी. साहेब म्हणणार, आयुष्य ३०० दिवस, २५० व्या दिवशी बदला. पण उरलेले सहा आज ६०० दिवस चालू आहेत, त्यांना हिशोबात कोण घेणार? दहाही पंपांचे मिळून झाले ४८०० दिवस आणि बिघाड चार, म्हणजे बिघाडामागे १२०० दिवस. केवढा फरक! शिवाय पंप बदलायचा तर रिग आणून आख्खी नळी वर ओढावी लागते, आणि नवीन बसवताना नवीन चूक होऊ शकते ती वेगळीच. १९७८ साली नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला. त्यात ८९ टक्के भागांना 'ठरावीक वयानंतर बदला' या नियमाचा काही फायदा नव्हता.

व्हॉल्व्हचं गणित उलटं. समजा तो ३० वर्षांत एकदा बिघडतो. दर सहा महिन्यांनी चाचणी घेतली तर बिघाड सरासरी तीन महिने लपून राहील, म्हणजे ऐनवेळी दगा देण्याची शक्यता १२० त एक. चाचणी दोन वर्षांवर ढकलली की तीच ३० त एक. व्हॉल्व्ह तोच, बदललं फक्त आपलं वागणं.

"प्रत्येक विहीर वेगळी, तुमचं स्टॅटिस्टिक्स इथे चालत नाही," हा नेहमीचा आक्षेप. त्यावर माझं उत्तर म्हणजे कॅलिफोर्नियातलं अलिसो कॅन्यन. तिथली एसएस-२५ ही विहीर १९५३ सालची, पुढे गॅस साठवायला वापरलेली. तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह १९७९ साली काढला आणि परत बसवलाच नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये बाहेरून गंजलेलं केसिंग फुटलं. गळती बंद व्हायला फेब्रुवारी २०१६ उजाडला. तोवर सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला आणि हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली. २०१९ च्या तपास अहवालात काय निघालं माहितीये? त्याच क्षेत्रात आधी साठहून जास्त वेळा केसिंग गळलं होतं, आणि ते का गळलं याचा शोध एकदाही घेतला नव्हता. साठ! एवढ्या आकड्यांवर कुणीही एक साधा आलेख काढला असता. दुरुस्ती प्रत्येक वेळी झाली, शिकणं मात्र एकदाही नाही.

आपलं बॉम्बे हाय १९७४ साली सापडलं, १९७६ पासून तिथून तेल येतंय. जुन्या होत जाणाऱ्या विहिरींचा प्रश्न काही फक्त अमेरिकेचा नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. जो बिघाड दिसतो तिथे यंत्राचं ऐका, करंट आणि दाब बघा, उगाच चालत्या पंपाला हात लावू नका. जो लपतो तिथे चाचणीची तारीख एक दिवसही पुढे ढकलू नका, मग उत्पादन थोडं थांबलं तरी चालेल. आणि प्रत्येक बिघाडाची नोंद कारणासकट ठेवा, न बिघडलेल्यांच्या नोंदीसकट.

आणि हो, आयटीवाल्यांनी फार हसू नये. तुमच्याकडचा बॅकअप शेवटचा रिस्टोअर करून कधी पाहिला होता? तोही सेफ्टी व्हॉल्व्हच आहे :-)