बिहट्याचा धडा आणि डब्ल्यूपी

वाफेच्या वेगवान इंजिनांचा इतिहास सांगताना लेखणी बहुधा ब्रिटनच्या ‘मॅलार्ड’पाशी थबकते. ३ जुलै १९३८ रोजी या इंजिनाने ताशी १२६ मैलांचा विक्रम केला, तो उतारावर आणि सात डब्यांनिशी. पराक्रम खराच, परंतु भारतीय वाचकाने त्याच्या वर्षभर आधीची एक तारीख अधिक ध्यानात ठेवावयास हवी. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा येथे ‘एक्सबी’ जातीच्या इंजिनाची एक्सप्रेस रुळांवरून उतरली आणि शंभराहून अधिक प्रवासी प्राणास मुकले.

एक्सए, एक्सबी, एक्ससी या तीन जातींची २८४ इंजिने भारतीय रेल्वेसाठी खरेदी झाली होती. हलक्या, राखेच्या कोळशावर चालावीत म्हणून त्यांची भट्टी मुद्दाम रुंद ठेवलेली. कल्पना योग्यच होती. दोष चालीत होता. पुढील व मागील छोट्या चाकगाड्यांवर पुरेसा आवर नसल्याने वेगात इंजिन नागमोडी हेलकावे घेई आणि रूळ वाकवी. नमुन्याची पुरेशी परीक्षा होण्यापूर्वीच घाऊक मागण्या नोंदविल्या गेल्या, हा खरा अपराध. इंजिने विलायतेच्या कारखान्यांना काम देत होती; इकडे जमशेदपूरजवळ १९२१ मध्ये निघालेल्या पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनीस मात्र सरकारी मागण्यांअभावी गाशा गुंडाळावा लागला. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की परक्या राज्यात खरेदी कोणाच्या सोयीने होते, हे निराळे सांगावे लागत नाही.

बिहट्यानंतर नेमलेल्या पॅसिफिक लोकोमोटिव्ह समितीने या दोषांचा कसून शोध घेतला. त्यातून आलेला शहाणपणा ‘डब्ल्यूपी’त दिसतो. १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्डविन कारखान्याकडून आधी केवळ सोळा नमुने आणले गेले. ते आपल्याच रुळांवर, आपल्याच कोळशावर पारखले गेले आणि मगच मोठ्या मागण्या निघाल्या. टोकदार नाकावर तारा मिरविणाऱ्या या इंजिनाने जागतिक विक्रम केला नाही. पण ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, भरगच्च गाडी घेऊन, दिवसामागून दिवस धावणे हे आपल्या देशाला विक्रमाहून मोलाचे होते.

एकूण ७५५ डब्ल्यूपी बांधली गेली. कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया अशा देशांतूनही ती आली. स्वतंत्र देशाने स्वतःचे प्रवासी इंजिन इतकी वर्षे बाहेरून का घ्यावे, असा आक्षेप घेता येईल. तो पूर्णतः न्याय्य नाही. १९५० मध्ये सुरू झालेल्या चित्तरंजन कारखान्याने आधी मालगाड्यांची ‘डब्ल्यूजी’ इंजिने हाती घेतली. धान्य, पोलाद व कोळसा हलविल्याविना प्रवासी गाडीलाही अर्थ नव्हता. १९६३ पासून मात्र चित्तरंजनमधूनच डब्ल्यूपी बाहेर पडू लागली आणि १९६७ पर्यंत तेथील कामगारांनी २५९ इंजिने रुळांवर उभी केली.