वजन आणि पत

चित्रपट झळकण्याआधी हल्ली वृत्तपत्रांत नटाची दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी येतात. एकात पोट सुटलेले, दुसऱ्यात बरगड्या मोजून घ्याव्यात असा देह. मधल्या काळात त्याने काय खाल्ले आणि काय वर्ज्य केले, याचा सविस्तर हिशेब खाली असतो. घरात अठ्ठाई पाहिलेल्या आपल्या वाचकांना या हिशेबाचे फार अप्रूप वाटू नये. (पारण्याची छायाचित्रे आपणही हौसेने छापतो, ते असो.)

या मार्गावर सर्वांत पुढे गेलेला नट म्हणजे बेन फॉस्टर. 2015 साली आलेल्या 'द प्रोग्राम' या चित्रपटात त्यांनी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांची भूमिका केली. आर्मस्ट्राँग यांनी 1999 ते 2005 या काळात 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सलग 7 वेळा जिंकली आणि उत्तेजक द्रव्यांच्या सेवनामुळे 2012 मध्ये ती सातही विजेतेपदे गमावली. त्यांना समजून घ्यावे म्हणून फॉस्टर यांनी स्वतःही वैद्यकीय देखरेखीखाली उत्तेजक द्रव्ये घेतली, आणि चित्रपट आल्यावर ते उघडपणे सांगितले. औषधांची नावे मात्र त्यांनी सांगितली नाहीत. ज्या कृत्याने खेळाडू बदनाम झाला, त्याच कृत्यासाठी नटाची कलानिष्ठा म्हणून वाखाणणी झाली.

बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला येथे एक शंका येते. आर्मस्ट्राँग यांचा खरा अपराध रक्तातल्या द्रव्यापाशी संपत नव्हता. वर्षानुवर्षे त्यांनी खोटा ताळेबंद सादर केला. त्याविषयी लिहिणाऱ्या 'संडे टाइम्स'ला त्यांनी न्यायालयात खेचले आणि सत्य सांगणाऱ्या सहकाऱ्यांना खोटे ठरवले. जानेवारी 2013 मध्ये ओप्रा विनफ्री यांच्यासमोर कबुली दिल्यानंतर हिशेब चुकते करण्याची पाळी आली. त्यांच्या संघाची प्रायोजक अमेरिकेची टपाल सेवा होती. त्या सरकारी पैशाच्या दाव्यात 2018 मध्ये त्यांनी 50 लाख डॉलर भरून तडजोड केली. फॉस्टर यांचे शरीर काही काळाने मूळ पदावर आले. आर्मस्ट्राँग यांनी गमावली ती पत. मोंढ्यात बसणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. एकदा धनादेश न वटलेला व्यापारी पुढे पैसा-पैसा फेडून मोकळा झाला, तरी आडतीवर त्याला माल रोखीनेच मिळतो. पत जाण्याचा अनुभव घेण्यासाठी कोणते औषध टोचून घेणार?

आपल्या राज्यातले उदाहरण आजही मनाला टोचते. सलग 3 वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव 2016 च्या रिओ ऑलिंपिकसाठी निवडले गेले. जाण्यापूर्वीच्या चाचणीत बंदी असलेले स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील 'नाडा' या संस्थेने ते मान्य करून त्यांना मोकळे केले. ते रिओला पोहोचले आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी, 18 ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने तो दावा नाकारून 4 वर्षांची बंदी घातली. यावर उद्या चित्रपट निघाला, तर नट आखाड्यात उतरून वीस किलो वजन खुशाल वाढवील. पण निकालाची वाट पाहत परक्या देशात काढलेले ते तास तो कशाच्या जोरावर उभे करणार?

इरफान खान यांनी हे साधले होते, असे मला वाटते. 'पान सिंग तोमर' (2012) मध्ये स्टीपलचेसचा 7 वेळचा राष्ट्रीय विजेता, सैन्यातला सुभेदार, जमिनीच्या तंट्यात न्याय मागत पोलीस ठाण्यात जातो आणि ठाणेदार त्याच्या पदकांना कवडीचीही किंमत देत नाही. धावण्याचे कष्ट त्या नटाने घेतलेच होते. परंतु प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो त्या प्रसंगातला त्याचा चेहरा. याउलट 'चंदू चॅम्पियन' (2024) आठवा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणात सुवर्णपदक मिळवले आणि पद्मश्री त्यांना 2018 मध्ये मिळाली. मधल्या 46 वर्षांच्या उपेक्षेपेक्षा अधिक चर्चा झाली ती कार्तिक आर्यन यांच्या शरीरातील चरबी 39 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आल्याची. त्यांनी ते औषधांविना केल्याचे सांगितले, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

ही छायाचित्रे आपल्याकडच्या व्यायामशाळांच्या भिंतींवरही लागतात, म्हणून हा प्रपंच. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वाढवण्यासाठी असलेले मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन शरीर कमावू पाहणाऱ्या मुलांना चोरून विकल्याची प्रकरणे पोलिसांनी महाराष्ट्रातील अनेक शहरांत उघड केली आहेत. हृदयाचे ठोके बिघडवणारे हे औषध आहे. आपल्या समाजात औषधविक्रीची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालवणारी घराणी पुष्कळ आहेत आणि व्यायामशाळेत जाणारी मुलेही आपल्याच घरांतली आहेत. फॉस्टर यांच्या शेजारी निदान डॉक्टर उभा होता. चिठ्ठीविना मागितलेल्या कुपीचे बिल कोणत्या नावाने फाडायचे, हे मात्र गल्ल्यावर बसलेल्यालाच ठरवावे लागते.